दोन अक्षरांचे पैसे

मंडळी, आज एका वादग्रस्त विधानाने सुरुवात करतो. आरव्हीचं सामान विकणाऱ्या खास दुकानांत मिळणाऱ्या बऱ्याचशा वस्तू कोपऱ्यावरच्या साध्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, स्वस्त मिळतात आणि अनेकदा जास्त टिकाऊ मिळतात. पाकिटावर 'आरव्ही' ही दोन इंग्रजी अक्षरं छापली की किंमत वाढते, बस्स. पण (आणि हा 'पण' फार महत्त्वाचा आहे) मोजक्या पाच-सहा वस्तूंच्या बाबतीत त्याच दोन अक्षरांचे पैसे वाचवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. माझ्या ओळखीतली हुशार, शिकलेली मंडळी नेमकं उलटं करताना दिसतात. फळकुटं ब्रँडेड घेतात आणि गॅसचा अलार्म 'चालतोय ना अजून' म्हणून तसाच ठेवतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. बिछाने, शेगडी, फ्रीज, गिझर, एसटीच्या दोन सीटांएवढं बाथरूम, सगळं आत. काही आरव्हींना स्वतःचं इंजिन असतं, काही ट्रकमागे ओढायच्या. आम्ही ऑफिसातल्या तिघांनी मिळून दोन वर्षांपूर्वी इथे कोलंबसमध्ये (ओहायोतलं, कॉलेजात शिकलेला दर्यावर्दी नव्हे) एक जुना २१ फुटी ट्रेलर घेतला. ओढायला एकाचा पिकअप आहेच. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही जिथे बनतात ते इंडियानातलं एल्कहार्ट इथून गाडीने चारेक तासांवर.

आता हे घर आहे म्हणून नळ गळतात, आणि त्याला चाकं आहेत म्हणून जरा जास्तच गळतात. हायवेवर प्रत्येक मैलाला भिंती, पाईप, कपाटं, सगळं थरथरत असतं. स्क्रू सैल होतात, जोड सुटतात, छताच्या कडांना भेगा पडतात. यात बनवणाऱ्याची चूक असेलही, पण बरीचशी चूक भौतिकशास्त्राची आहे. दुरुस्तीच्या दुकानात न्यावं तर मजुरी तासाला दीडशे डॉलरच्या आसपास, आणि उन्हाळ्यात नंबर लागायला कित्येक आठवडे. तेव्हा ज्याला स्वतः पाना हातात धरायचा नाही त्याने आरव्हीच्या फंदात पडू नये, हॉटेल बुक करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये कानशीने घासून घासून केलेला तो फिटिंगचा जॉब आठवतोय? 'आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना याचा काय उपयोग?' असं म्हणत आपण तो केला होता. तर त्याचा उपयोग हा असा, दहा वर्षांनी, ओहायोत!

आधी स्वस्तातल्या मजेच्या गोष्टी. पहिली खरेदी स्क्रू ड्रायव्हरच्या चौकोनी टोकाची. आपल्याकडे चपटा नि फुलीचा असे दोनच प्रकार घरात असतात. आरव्हीत मात्र जिथे बघाल तिथे चौकोनी खाचेचे स्क्रू, बहुतेक २ नंबरचे. हा प्रकार रॉबर्टसन नावाच्या कॅनेडियन माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणला. बिट निसटत नाही म्हणून कारखानेवाले त्याच्यावर खूश. दोन-तीन डॉलरचं हे टोक नसेल तर तुमची उरलेली टूलकिट शोभेची. प्रत्येक ट्रिपनंतर अर्धा तास काढून दिसेल तो स्क्रू एकदा आवळायचा. पिळायचा नाही, आवळायचा.

पाण्याचं काम त्याहून सोपं. आतले पाईप बहुतेक अर्ध्या इंची पेक्सचे, म्हणजे इथल्या नव्या घरांत असतात तेच. त्यामुळे होम डेपो किंवा लोजमधले नुसते दाबून बसवायचे जोड चालतात, वेगळं यंत्र लागत नाही. असे दोन-तीन जोड, फूटभर पाईप, टेफ्लॉन टेप आणि नळीच्या तोंडात बसणाऱ्या रबरी वॉशरचं एक पाकीट कायम जवळ ठेवा. आणि दहा-बारा डॉलरचा पाण्याचा प्रेशर गेज घ्या. कॅम्पग्राउंडच्या नळाला किती दाब येईल याचा नेम नसतो. ट्रेलरला ४० ते ५० पीएसआय पुष्कळ झाला, ६० च्या वर जाऊ देऊ नये. नळ आणि नळी यांच्यामध्ये रेग्युलेटर लावायचा, आणि तो खरंच काम करतोय का ते गेजवर बघायचं. 'लावलाय म्हणजे चालतच असेल' हे आपण प्रॉडक्शनवर कधी म्हणतो का? (म्हणतो. पण म्हणू नये.)

गिझरचंही तसंच. टाकी स्टीलची असेल तर आत मॅग्नेशियमचा दांडा असतो. टाकीला गंजायचं असतं ते आधी तो दांडा गंजतो, बिचारा. वर्षातून एकदा गिझर बंद करून, पाणी गार होऊ देऊन, दाब काढून दांडा बाहेर काढायचा आणि फार झिजला असेल तर बदलायचा. त्याला लागतं १ १/१६ इंची सॉकेट, ते कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळतं. ॲल्युमिनियमच्या टाकीला असा दांडा नसतो, तिला तो बसवायचाही नाही.

मग लाकडी फळ्या. ट्रेलर सपाट उभा करणं ही हौस नव्हे. आमच्यातला फ्रीज जुन्या पद्धतीचा, अमोनियावाला. त्यात कॉम्प्रेसर नाही. उष्णतेने अमोनिया उकळतो, थंड होतो आणि द्रव होऊन गुरुत्वाकर्षणाने परत खाली येतो. ट्रेलर तिरका असेल तर हे चक्र अडतं आणि फ्रीज कायमचा झोपू शकतो. चाकाखाली ठेवायचे प्लास्टिकचे रंगीत ठोकळे खास दुकानात मिळतात. त्याऐवजी लाकडाच्या विभागात जाऊन 'टू बाय टेन'ची एक फळी घ्या आणि तिथेच कापून मागा. नावात दोन इंच असले तरी ती दीड इंच जाड असते, तेवढं हिशेबात धरा. सोबत एक छोटी स्पिरिट लेव्हल. मात्र चाकं अडवायला नीट रबरी ठोकळे घ्या. आपल्या घाटातले ट्रकवाले दगड लावतात, ते बघायला ठीक आहे.

उंदरांसाठी तांब्याची जाळी. पाईप नि वायरी जिथून आत शिरतात तिथल्या फटींत ती कोंबायची. ती कुरतडायला त्यांना जड जातं आणि स्टील वूलसारखी ती गंजत नाही. शिवाय मैल्याची टाकी रिकामी करायला नायट्राइलच्या हातमोज्यांचं मोठं खोकं. यावर जास्त लिहीत नाही, शनिवार सकाळ आहे, तुम्ही पोहे खात असाल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वीस-पंचवीस डॉलरचा मल्टीमीटर आणि दहा डॉलरच्या आतला, तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर. ट्रेलरमध्ये दोन विजा नांदतात, बॅटरीची १२ व्होल्टची आणि बाहेरून येणारी १२० व्होल्टची. साधी लेड-ॲसिड बॅटरी काही वेळ निवांत ठेवून मोजली की १२.६ म्हणजे भरलेली आणि १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी. बाहेरच्या विजेचा किस्सा जास्त गंभीर आहे. ३० अँपचं ट्रेलरचं सॉकेट १२० व्होल्टचं असतं, पण इथल्या घरांत ३० अँप म्हटलं की इलेक्ट्रिशियनला कपडे वाळवायच्या मशीनचं २४० व्होल्टचं सॉकेट आठवतं. अशी चुकीची जोडणी होणं इथे इतकं नेहमीचं आहे की अनुभवी लोक अनोळखी सॉकेट मोजल्याशिवाय प्लग लावतच नाहीत. दुप्पट व्होल्टेज आत गेलं की मायक्रोवेव्ह, एसी, चार्जर सगळ्यांची राखरांगोळी. तीस सेकंदांची टेस्ट, हजारो डॉलरची बचत. मोजायला हात धजत नसेल तर कॅम्पग्राउंडच्या माणसाला बोलवा, त्यात कमीपणा नाही.

आता तो मोठा 'पण'.

कुठे वाचवायचं नि कुठे नाही यासाठी माझा नियम एकच आहे. ही वस्तू फेल झाली तर काय होईल? फरशी ओली होणार असेल, स्क्रू पडणार असेल, तर खुशाल स्वस्तातलं घ्या. पण श्वास, आग किंवा पोटात जाणारं पाणी यांचा संबंध असेल तर त्या कामासाठीच बनवलेली वस्तू घ्या आणि किमतीवर कुरकुरू नका.

पिण्याचं पाणी भरायची नळी अन्नयोग्यच हवी. बागेच्या साध्या नळीवर बरेचदा 'पिण्यासाठी नाही' असं छापलेलंच असतं. हिवाळ्यात पाईप फुटू नयेत म्हणून भरायचं अँटीफ्रीझ गुलाबी, प्रॉपिलिन ग्लायकॉलचं हवं. गाडीच्या रेडिएटरमधलं बहुतेक इथिलिन ग्लायकॉलचं असतं आणि ते विष आहे. ३० अँपची वायर १० गेजची हवी. (गेजचा आकडा लहान तेवढी तार जाड, हा उलटा हिशेब लक्षात ठेवा.) घरातल्या पातळ नारिंगी एक्स्टेंशनवर १५०० वॅटचा हीटर लावला की साडेबारा अँप खेचले जातात आणि वायर तापते. छताच्या भेगांनाही साधं सिलिकॉन नको. रबरी छताला ते नीट धरत नाही, आणि एकदा लावलं की त्यावर दुसरं काही चिकटत नाही. गॅसच्या जोडांवर साबणाचं पाणी फवारून बुडबुडे बघणं तुमचं काम. बुडबुडे दिसले तर सिलिंडर बंद करून जाणकाराला बोलावणं, हेही तुमचंच काम.

आणि अलार्म. आम्ही ट्रेलर घेतला तेव्हा आधीच्या मालकाने छत अगदी चकाचक ठेवलेलं होतं, टायर नवे होते. पण जमिनीलगतच्या गॅस अलार्मची वायर कापलेली! विचारलं तर म्हणाला, "उगाच पीप पीप करत राहायचा." उलटा करून बघितला तर मागे मुदत छापलेली होती, ती केव्हाच संपलेली. तो उगाच ओरडत नव्हता. माझं आयुष्य संपलंय, मला बदला, एवढंच सांगत होता. भला माणूस तो, नातवंडांना घेऊन त्याच ट्रेलरमध्ये झोपायचा.

हे अलार्म वापरा वा न वापरा, आतला सेन्सर काही वर्षांत मरतो. बरेच पाच ते सात वर्षांचे असतात, तारीख मागे असते. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा अलार्म खाली असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जागंच होऊ देत नाही. तो आपल्याच शेगडीतून यायला हवा असं नाही, शेजाऱ्याच्या जनरेटरमधूनही येतो. इथे घरचा साधा अलार्म आणून चिकटवू नका. हादरे नि थंडी-ऊन सोसायची चाचणी झालेला, आरव्हीसाठी मान्यताप्राप्त असाच घ्या. ही ती दोन अक्षरं, ज्यांचे पैसे आनंदाने द्यावेत. आणि फोडणीने धुराचा अलार्म कोकलतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवणाऱ्यांनो (तुम्हाला माहितीये मी कोणाबद्दल बोलतोय!), छताचा पंखा लावा, झरोका उघडा, बॅटरीला हात लावू नका.

मला राग येतो तो या उलट्या प्राधान्यक्रमाचा. नवा ट्रेलर आला की पहिल्या आठवड्यात झगमगत्या दिव्यांच्या माळा येतात, कॉफी मशीन येतं, दारावर पाटी लागते. अलार्मची तारीख बघायला मात्र कोणाला वेळ नसतो, कारण तिचा फोटो काढून टाकता येत नाही. आपण दिवसभर लॉग्ज बघणारी, एका अलर्टवर रात्री दोनला उठणारी माणसं. सर्व्हरच्या अलर्टला जेवढा मान देतो तेवढा स्वतःच्या उशाशी असलेल्या अलर्टला द्यायला काय हरकत आहे?

तेव्हा या वीकेंडला इतकंच करा. आरव्ही असेल तर, आणि भाड्याने घेणार असाल तर आधीच, अलार्म उलटे करून तारखा वाचा, टेस्टचं बटण दाबा, अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे का बघा. मग उरलेल्या पैशात हार्डवेअरच्या दुकानात मनसोक्त भटका. बोहरी आळीत हिंडल्याची मजा तिथे नाही, घासाघीस तर अजिबात चालत नाही. पण वॉशर नि बोल्टच्या खणांपुढे तासभर कसा जातो ते कळत नाही.

असो. फार लांबलं. बघा पटतंय का.