लडिवाळ झालेलें मांजर

मांजराची जात मानी; हांक मारली म्हणून तें येईलच असें नाहीं. असें मांजर एकाएकीं अंगाशीं लगट करूं लागलें, दिवसभर पायांत घोटाळूं लागलें, तर घरच्या मंडळींस कौतुकच वाटतें. परंतु स्वीडन देशांत, मेलारेन सरोवराच्या परिसरांत, हा लडिवाळपणा एका भयंकर व्याधीचें पूर्वचिन्ह ठरलेला आहे. पुढें मांजराचे मागचे पाय ताठरतात, उडी चुकते, चाल झोकांड्यांची होते. नख्या आंत ओढतां येत नाहींत, म्हणून त्या सतरंजींत अडकतात. या रोगास तिकडे 'झोकांड्यांचा रोग' असेंच म्हणतात, आणि त्यांतून मांजर सहसा वांचत नाहीं.

तेथील पशुवैद्यांनीं १९७४ सालीं या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. मेंदूस व पृष्ठरज्जूस सूज, पण पू नाहीं, एवढें दिसलें, कारण सांपडेना. मागाहून घोड्यांस होणाऱ्या 'बोर्ना' रोगाच्या विषाणूवर संशय गेला व तो पुष्कळ वर्षें टिकला. खरा अपराधी निराळाच निघाला. बाल्टिक समुद्रकांठच्या एका जर्मन प्राणिसंग्रहालयांत एक गाढव, एक कॅपिबारा व कांगारूच्या कुळांतला एक प्राणी मेंदूच्या सुजेनें दगावले; त्यांच्या मेंदूंत सांपडलेला 'रुस्त्रेला' विषाणु २०२० सालीं जगापुढें आला. माणसांतील जर्मन गोवराच्या विषाणूचा हा आप्त. पिवळ्या गळ्याच्या रानउंदरांत तो त्यांस अपाय न करितां नांदतो. २०२३ सालीं स्वीडन, ऑस्ट्रिया व जर्मनी येथील झोकांड्यांनीं मेलेल्या मांजरांच्या मेंदूंतहि तोच आढळला. बहुधा शिकारींतूनच तो मांजरास जडत असावा. उंदरानें मेल्यावर उगविलेला सूडच म्हणावयाचा!

आपल्याकडे मांजराचा स्वभाव पालटला, तर पहिला विचार रेबीजचा केला पाहिजे. तोहि विषाणूमुळें होणारा मेंदूचा दाहच. त्यांत गरीब मांजर चवताळतें, तर बुजरें मांजर कधीं कधीं आपण होऊन जवळ येतें. 'मांजरच तें, बोचकारायचेंच' असें म्हणून हळद दाबून स्वस्थ बसणारी घरें आम्हीं पाहिलीं आहेत. ही चाल आम्हांस मुळींच मान्य नाहीं. जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जाऊन लस टोंचून घ्यावी. रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर औषध चालत नाहीं. मुलें बोलणीं बसतील या भीतीनें ओरखडे लपवितात. तेव्हां त्यांचे हात-पाय आधीं पाहावे, रागें मागाहून भरावें.