श्वासरुग्णाचा घास : एक अनुत्तरित नव्हे, अविचारित प्रश्न

श्वासव्याधीचा रुग्ण समोर बसला की आपण त्याची नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, कफाचा वर्ण विचारतो, धाप रात्री वाढते की पहाटे याची नोंद करतो. परंतु 'जेवताना किंवा पाणी पिताना ठसका लागतो काय?' हा प्रश्न आपल्यापैकी फार थोड्यांच्या केसपेपरवर आढळतो. जीर्ण श्वासरुग्णाला हा प्रश्न विचारल्याविना औषध देऊ नये. आणि औषधाची कल्पना, अनुपान व सेवनाची रीत त्याच्या उत्तरावरून ठरवावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बीड जिल्ह्यातील वैद्यांना हा विषय परका नाही. धूम्रपान कधीही न केलेली, परंतु पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांच्या चुलीपुढे आयुष्य काढलेली पन्नाशीची स्त्री धाप घेऊन येते, तेव्हा तिच्या फुप्फुसांतील विकार बहुधा सीओपीडी असतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मधील लेखात धूम्रपान न करणाऱ्यांतील या रोगाकडे जगाचे लक्ष वेधले. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून सिलिंडर घरोघरी पोहोचले. तथापि ऊसतोडीच्या हंगामात कोपीपुढे पेटते ती पुष्कळदा चूलच. त्यात क्षयरोग बरा होऊनही फुप्फुसे कायमची दुबळी झालेले रुग्ण मिळविले, म्हणजे प्रश्नाचा विस्तार ध्यानी येतो. २०१६ च्या आकडेवारीनुसार भारतातील रोगभारात हृद्रोगाच्या खालोखाल सीओपीडीचाच क्रमांक होता.

आता गिळण्याच्या क्रियेकडे वळू. घसा हा अन्न आणि वायू या दोघांचा सामाईक मार्ग आहे. घास गिळताना श्वास सुमारे अर्धा ते दीड सेकंद थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते आणि त्याचे द्वार मिटते. निरोगी मनुष्य बहुतेक वेळा उच्छ्वास चालू असताना गिळतो आणि गिळून झाल्यावरही उच्छ्वासच सोडतो. त्यामुळे द्वाराशी रेंगाळलेला कण बाहेर ढकलला जातो. ज्याची श्वसनगती मिनिटाला ३० आहे, त्याला एका श्वासासाठी अवघे २ सेकंद मिळतात. त्यातून गिळण्याचा अवधी काढावयाचा, म्हणजे श्वासाची उसनवारीच. अमेरिकेत ग्रॉस व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सीओपीडीचे रुग्ण निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक वेळा श्वास आत घेताना गिळतात, अथवा गिळल्याबरोबर श्वास आत ओढतात, असे दिसून आले. अशा वेळी अन्नकण श्वासमार्गात खेचला जाण्याचा धोका वाढतो. त्यातच काही रुग्णांच्या घशाची संवेदना मंदावलेली असते. कण आत जातो आणि ठसकाही लागत नाही. वारंवार बळावणारा कास, ज्वर आणि पुनःपुन्हा होणारा न्यूमोनिया यांच्या मुळाशी हे कारण असू शकते.

सीओपीडी म्हणजे तमकश्वास, असे सरळ समीकरण मांडता येणार नाही. आणि श्वास व गिळणे यांचा हा सेकंदाचा हिशेब आपल्या संहितांत जसाच्या तसा सांगितला आहे, असा दावाही करू नये. परंतु या विचाराला लागणारी दृष्टी संहितांत निश्चित आहे. वाग्भटाने प्राणवायूच्या कर्मांत निःश्वास आणि अन्नप्रवेश ही दोन्ही एकत्र गणली. चरकाने प्राणवह स्रोतसांचे मूळ हृदय आणि महास्रोतस सांगितले, आणि हिक्का व श्वास यांचा उद्भव पित्तस्थानातून मानला. बोलत, हसत वा अतिघाईने जेवू नये, हा आहारविधीतील नियमही आपल्याला मुखोद्गत आहे. प्राणवायूची दुष्टी श्वासात दिसत असताना अन्नप्रवेशाचीही परीक्षा करणे हे शास्त्रप्राप्तच आहे. आपण ती करीत नाही, इतकेच.

ही उणीव सर्वाधिक जाणवते ती औषध देताना. सितोपलादी किंवा तालीसादी चूर्णाची पुडी हातात ठेवून आपण 'मधातून घ्या' असे सांगतो. घरी मध नसतो, आणि रुग्ण कोरड्या चूर्णाची फक्की मारून वर तांब्याभर पाणी पितो. धापेच्या रुग्णाच्या दृष्टीने याहून वाईट रीत शोधून सापडणार नाही. चूर्ण मधात वा तुपात नीट कालवून, बोटभर, थांबत थांबत चाटावे, हे करून दाखविले पाहिजे. लवंगादी वा खदिरादी वटी आडवे पडून चघळावयाची नाही, हेही बजावले पाहिजे. कनकासवातील धत्तुराने मुखशोष होतो. रुग्ण टायोट्रोपियमसारखे श्वासावाटे घ्यावयाचे औषध घेत असेल तर ती कोरड दुणावते आणि घास घशात अडखळतो. स्टेरॉइडचा पंप वापरणाऱ्याच्या तोंडात पांढरा थर आणि गिळताना वेदना आढळल्यास तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. पंपानंतर चूळ भरण्याची आठवण आपणही द्यावी, पंप मात्र परस्पर बंद करू नये.

शोधनकर्माविषयी अधिक सावध राहिले पाहिजे. श्वासाच्या चिकित्सेत चरकाने रुग्णाचे बलवान व दुर्बल असे भेद केले आहेत, ते विसरून वमन देऊ नये. ज्याला साध्या पाण्याने ठसका लागतो, त्याला वमन देणे म्हणजे आमाशयातील द्रव्य फुप्फुसांत जाण्याची जोखीम पत्करणे होय. तैलनस्य आणि स्नेहगंडूष यांबाबतही तेच. तैलकण फुप्फुसांत साचून होणारा न्यूमोनिया वैद्यकाला १९२५ पासून ज्ञात आहे, आणि तेल खोकल्याची जाणीव न करून देताही आत उतरू शकते.

फार्मसीचालक बंधूंचाही या कामी मोठा वाटा आहे. वैद्याकडे न जाता थेट दुकानातून चूर्ण किंवा अवलेह नेणारे श्वासरुग्ण थोडे नाहीत. 'कोरडे चूर्ण तोंडात टाकू नये, बसून घ्यावे' इतकी एक ओळ वेष्टनावर ठळक मराठीत छापल्यास खर्च नगण्य आणि लाभ मोठा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना ती गल्ल्यावरून तोंडी सांगता येईल.

परीक्षेसाठी कोणतेही यंत्र लागत नाही. जेवताना ठसका लागतो काय, जेवणास पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागतो काय, भाकरी सोडून केवळ पातळ पदार्थांवर भागवावे लागते काय, जेवणानंतर आवाज ओलसर घरघरतो काय, वजन उतरले काय आणि वर्षभरात किती वेळा तापासह कफ वाढला, हे सहा प्रश्न पुरेत. रुग्णाला समोर दोन-तीन घोट पाणी पिण्यास सांगून नंतर बोलते करावे. मात्र ठसका लागला नाही म्हणजे सर्व कुशल आहे, असे समजू नये. संशय असेल तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी छातीचे विकार व कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे चिठ्ठी द्यावी. चिठ्ठी दिल्याने वैद्याची प्रतिष्ठा उणावत नाही.

पथ्याचे चार शब्द. धाप वाढलेली असताना जेवू नये. ती बसल्यावर, ताठ बसून, लहान घास घ्यावा, गिळून श्वास सोडावा आणि मगच पुढचा घास उचलावा. कोरडी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यांऐवजी भाकरी आमटीत पूर्ण भिजवून कुस्करावी. जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ नये. मंड, पेया, विलेपी हा घट्टपणाचा क्रम आपल्याकडे प्राचीन आहे. आज जगभर गिळण्याच्या विकारांसाठी अन्नाच्या ० ते ७ अशा पायऱ्या वापरतात. तथापि कोणाला कोणती पायरी मानवेल, हे परीक्षेनेच ठरते. मुखशुद्धीही तितकीच महत्त्वाची. जपानमधील वृद्धाश्रमांत मुखाची नियमित स्वच्छता राखल्याने न्यूमोनियाचे प्रमाण घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. मिसरीने दात घासणाऱ्या आपल्या भगिनींना दंतधावनाचा खरा अर्थ समजावणे, हीदेखील श्वासचिकित्साच आहे.

गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एवढा वेळ कोठून आणावयाचा, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. परंतु सहा प्रश्नांना दोन मिनिटे लागतात, आणि न्यूमोनिया झालेल्या रुग्णाला अंबाजोगाईस वा औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, नेताना त्या कुटुंबाची उचल आणि हंगाम दोन्ही बुडतात. आपल्या संघटनेने श्वासरुग्णाच्या केसपेपरचा एक समान नमुना तयार करावा आणि त्यात गिळण्याविषयीचा रकाना समाविष्ट करावा, अशी विनंती आहे. ऊसतोडीची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. त्यापूर्वीच्या तपासणीत हे सहा प्रश्न विचारले जावेत.