कराराची शाई आणि मनाचा भरंवसा

तह लिहिणें सोपें. तो संकटसमयीं पाळला जाईल, असा भरंवसा दुसऱ्याच्या मनांत उत्पन्न करणें मात्र कठीण. मित्रराष्ट्रांमध्यें हा भरंवसा कसा वाढीस लागतो, याचा विचार आम्ही येथें थोडक्यांत करणार आहों.

ता. ४ एप्रिल १९४९ रोजीं वॉशिंग्टन येथें १२ राष्ट्रांनीं उत्तर अटलांटिक करारावर सह्या केल्या. एकावरील सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला समजला जाईल, असें त्याचें पांचवें कलम सांगतें. परंतु प्रत्येक राष्ट्रानें आपणांस आवश्यक वाटेल ती कृति करावी, असेंही तेंच कलम म्हणतें. म्हणजे मदत कोणती व किती, हें ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलेलें आहे. शब्दांनीं ठेविलेली ही उणीव विश्वासानेंच भरून काढावी लागते.

मतभेद दिसला कीं विश्वास संपला, असें कित्येक समजतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. १९६६ सालीं फ्रान्सनें संयुक्त सेनाव्यवस्थेंतून अंग काढून घेतलें. तथापि त्यानें करार मोडला नाहीं, आणि २००९ सालीं तो त्या व्यवस्थेंत परत आला. शंका उघड बोलून दाखविणारा मित्र मनांत कुढणाऱ्या मित्राहून अधिक भरंवशाचा होय.

विश्वास खरोखर वाढतो तो कृतीनें. लिथुएनिया, लाटव्हिया व एस्टोनिया या लहान देशांजवळ स्वतःचीं लढाऊ विमानें नाहींत. २००४ पासून मित्रराष्ट्रें आळीपाळीनें त्यांच्या आकाशाची राखण करीत आलीं आहेत. ज्या लिथुएनियांत १९४१ सालीं जर्मन फौजा शत्रु म्हणून शिरल्या, तेथेंच २०१७ पासून जर्मन सैनिक रक्षक म्हणून उभे आहेत. उलटपक्षीं, २००१ सालीं अमेरिकेवर हल्ला झाला, तेव्हां पांचव्या कलमाचा आधार प्रथमच घेण्यांत आला, तो बलाढ्य अमेरिकेसाठीं! पुढें अफगाणिस्तानांत चिमुकल्या एस्टोनियाचे ९ सैनिक कामास आले. दुर्बळानेंही आपलें देणें रक्तानें फेडलें.

असा भरंवसा जमविण्यास दशकें लागतात. परंतु ‘आम्ही येऊंच असें नाहीं,’ एवढें एखाद्या बलवानानें म्हटलें, तरी तो डळमळूं लागतो, आणि तें शब्द मित्राच्या आधीं शत्रु ऐकतो. म्हणून मदतीचा हिशेब मांडावयाचा तो मित्रांच्या बैठकींत मांडावा, चव्हाट्यावर नव्हे. लहान देणीं वेळेवर फेडणाऱ्यासच मोठें कर्ज मिळतें. राष्ट्रांचा व्यवहारही, आमच्या मतें, याहून निराळा नाहीं.