शिंगं फुटली म्हणून...

मंडळी, परवा मे महिन्यात मुलाबरोबर कान्हाला जाऊन आलो. वाघ दिसला नाही. घरचे हळहळले, मी नाही. मी आपला चितळांचा कळप बघत बसलो होतो.

उन्हाळा हा तिथल्या चितळांच्या माजाचा काळ. जॉर्ज शॅलर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्हात राहून या हरणांचा अभ्यास केला आणि १९६७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. एक मोठा नर मान वर करून घोगरं ओरडत होता. मध्येच मागच्या दोन पायांवर उभा राहून त्याने फांदीला शिंगं घासली. आणि कळपाच्या कडेला दोन पोरगे नर. शिंगं म्हणजे नुसत्या सरळ काड्या! एकमेकांना ढुशी द्यायची, थोडं चरायचं, पुन्हा ढुशी. त्यात राग कुठेच नव्हता.

अशा पोरग्यांचं शरीर वर्ष-दीड वर्षात तयार होऊ लागतं. पण मोठ्या नराने नुसती शिंगं वळवली, की ते बाजूला होतात. शिंगं दर वर्षी गळतात, मखमली कातडीखाली नवी वाढतात, पुढच्या खेपेला जरा मोठी. अंग भरायला, शिंगांना फाटे फुटायला काही वर्षं जातात. तोवर त्या लुटुपुटूच्या ढुशांतच त्यांची शाळा चालते.

हे आठवायचं कारण घरातलंच आहे. धाकट्या भावाच्या नातवाला नुकतं एकविसावं लागलंय आणि 'आजीच्या डोळ्यांदेखत होऊन जाऊ दे' म्हणून त्याच्यासाठी मुली बघणं सुरू आहे. पोराचं शिक्षण अजून अर्धवट. मी विरोध केला, तर उत्तर आलं, "वयात आला की! निसर्गाचाच नियम आहे."

निसर्गाचा दाखला देणाऱ्यांनी निसर्ग पुरता बघावा, एवढंच माझं म्हणणं. आता कुणी म्हणेल, मादी तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच आई होते, मग मुलींचं काय? प्रश्न बरोबर आहे. म्हणून तर हरणांकडून कायदा घ्यायचा नसतो. चितळाच्या पोरग्याला मोठ्याची शिंगं थांबवतात. आपल्याला थांबवणारी शिंगं नाहीत, अक्कल आहे. मुलासाठीही आणि मुलीसाठीही.

मी स्वतः चौतीस वर्षं शाळेत काढली. मधल्या सुट्टीत कुस्ती खेळणाऱ्या नववीच्या दोन पोरांना मी एकदा छडीने फोडलं होतं. त्यांची ती ढुशी होती, हे मला सत्तरी उलटल्यावर कान्हात कळलं. छडी आता मागे घेता येत नाही. पण ही सोयरीक दोन-तीन वर्षं पुढे ढकलता येईल.

वहिनी, रागावू नका. आजी बरी होईल, नातवाचं लग्नही बघेल. जरा त्याची शिंगं वाढू द्या.