आमचा मेडिकल रिपोर्ट कोण वाचणार?

गेल्या शनिवारी न्यू जर्सीतल्या आमच्या छोट्याशा अपार्टमेंटमध्ये जरा जास्तच आवराआवर चालली होती. दत्तक संस्थेच्या सोशल वर्कर बाई घर बघायला येणार होत्या. भारतातून मूल दत्तक घ्यायचं हे आम्ही दोघांनी लग्नाआधीच ठरवलं होतं. बायको इथेच जन्मलेली, अमेरिकन नागरिक. मी पुण्यात इंजिनिअरिंग करून आलेला, आणि वयाच्या बाराव्या वर्षापासून टाइप १ मधुमेहवाला. (नाही, गोड जास्त खाल्ल्यामुळे झालेला नाही. आणि नाही, दत्तक त्यामुळे घेत नाही आहोत. हे दोन प्रश्न आधीच निकालात काढलेले बरे!)

तर मुद्दा होता फॉर्ममधल्या 'आरोग्य' या रकान्याचा. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "एवढं सगळं कशाला लिहायचं रे? शुगर काय, हल्ली सगळ्यांनाच असते." आईला दोष देत नाही. आपल्याकडे स्थळ बघताना छत्तीस गुण तपासतात आणि इन्सुलिनचं पेन फ्रिजमध्ये भाजीच्या मागे सरकवतात. लपवण्याची ही सवय जुनी आहे.

मोह मलाही झाला, खोटं कशाला बोलू? भारताच्या २०२२ च्या दत्तक नियमावलीत अट आहे की पालकांना जीवघेणा आजार नसावा. हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल... माझा आजार जीवघेणा आहे का? इन्सुलिन नसेल तर, हो. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी हा आजार झालेली मुलं फार दिवस जगत नसत. इन्सुलिन, सेन्सर आणि वेळच्या वेळी तपासण्या असतील तर, नाही. म्हणजे उत्तर आजाराच्या नावात नाही, तो कसा सांभाळला जातो त्यात आहे. म्हणून डॉक्टरांकडून "मधुमेह आहे, बाकी फिट" असं दोन ओळींचं पत्र न घेता गेल्या काही वर्षांचे एचबीए१सीचे आकडे, डोळ्यांच्या आणि किडनीच्या तपासण्या, चालू औषधं असं सगळं लिहून घेतलं. आम्ही इंजिनिअर लोक, लॉग असल्याशिवाय आमचाही विश्वास बसत नाही.

बाईंनी फाईल शांतपणे वाचली आणि विचारलं, "रात्री तुमची शुगर खाली गेली, बायको बाहेरगावी आहे आणि घरात फक्त तुम्ही आणि मूल. मग काय?"

मला राग आला. मनात म्हटलं, ज्यांना स्वतःची मुलं होतात त्यांना कोण विचारतं हे? पण मग दोन वर्षांपूर्वीची रात्र आठवली. पहाटे तीनला मी घामाने चिंब, बडबडत होतो म्हणे, आणि बायको चमच्याने साखरपाणी पाजत होती. मला त्यातलं काहीही आठवत नाही. ती त्या दिवशी ऑफिसच्या कामाला शिकागोत असती तर? माझ्याकडे उत्तर नव्हतं. सर्व्हरला बॅकअप नसला तर मी टीमला फाडून खातो, आणि माझ्याच घरात बॅकअप एकच होता.

आता उत्तर आहे. सेन्सरचा अलार्म बायकोबरोबर शेजारच्या काकांच्या फोनवरही वाजतो, त्यांच्याकडे किल्ली आहे. नाकात मारायचं ग्लुकागॉन कुठे ठेवलंय हे त्यांना दाखवलंय. मुलाला आणायला भारतात जाऊ तेव्हाचीही यादी तयार आहे. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, कारण विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. घड्याळ साडेनऊ-साडेदहा तासांनी सरकतं, म्हणून डोसचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून. आणि ठळक अक्षरात एक सूचना: अमेरिकेत इन्सुलिन यू-१०० असतं, भारतात बाटलीतलं बऱ्याचदा यू-४०. सिरिंज चुकली की डोस अडीच पटींनी चुकतो. तिथे नवं बाळ कडेवर आणि मी हॉस्पिटलात, असं नको.

पण खरी परीक्षा शेवटच्या कागदात होती. मुलाला कोणकोणते आजार असले तर चालतील? हो, विचार करू, नाही. लांबलचक यादी. आणि तिच्यात मधोमध 'टाइप १ मधुमेह'! माझा हात चक्क 'नाही'कडे गेला. मला त्या पहाटे माहीत आहेत ना... बायकोने फक्त विचारलं, "मी तुझा फॉर्म असा भरला असता तर?"

असो. तेव्हापासून डोक्यात एकच विचार आहे. आम्हाला मूल सुचवलं जाईल तेव्हा त्याचा मेडिकल रिपोर्ट आमच्या हातात येईल. आम्ही तो चार डॉक्टरांना दाखवू, मग हो किंवा नाही म्हणू. आमचा रिपोर्ट मात्र त्याच्या हातात कोणी देणार नाही. दोन-तीन वर्षांचं पोर ते. (आमची वयं २९ आणि २८, आणि मुलात नि पालकांत किमान २५ वर्षांचं अंतर लागतं, म्हणजे त्याहून मोठं मिळणारही नाही.) एकदा आई-वडील गमावलेलं. त्याच्या वतीने आमचा रिपोर्ट वाचायला त्या बाई आल्या होत्या. १९९३ च्या हेग कराराचा गाभाही हाच आहे, मुलाचं हित आधी. भारताने तो २००३ मध्ये स्वीकारला, अमेरिकेत २००८ पासून लागू आहे. दत्तक मिळणं हा आमचा हक्क नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. जुनाट आजार असलेल्यांना केवळ आजाराच्या नावावरून नाकारणं चूक. पण आपण तो लपवणं त्याहून मोठी चूक, कारण फसवणूक सरकारी ऑफिसची नाही, त्या पोराची होते.

त्या रकान्यात आम्ही 'हो'वर खूण केली. आईला अजून सांगितलेलं नाही. उद्या रविवार, फोन करायचाय.