रनिंग कमी, कॉम्प्रेशन कमी: दोन घाईचे निकाल

कर्जत, नेरळ, खालापूर या पट्ट्यात जुन्या गाडीचा सौदा बसायला लागला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. विकणारा म्हणतो, "फार्महाऊसवरची गाडी आहे, रनिंग नाहीच, इंजिनला हात लागलेला नाही." घेणाऱ्याने कॉम्प्रेशन तपासायला लावलं आणि एका सिलिंडरचा आकडा खाली आला, की गॅरेजमधला कुणीतरी म्हणतो, "रिंगा गेल्या, इंजिन उतरवा." माझ्या मते दोन्ही निकाल चुकीचे आहेत. त्यांचा भुर्दंड पडतो तो साठवलेल्या पैशातून पहिली गाडी घेणाऱ्याला, म्हणून ते खोडायलाच हवेत.

आधी पहिला. मीटर फक्त अंतर मोजतो. इंजिन किती वेळा थंड असताना सुरू झालं आणि गरम होण्याआधीच बंद झालं, हे त्याला कळत नाही. शनिवारी स्टेशनवर पाहुणे आणायचे, रविवारी पोचवायचे, मधले पाच दिवस गाडी शेडमध्ये. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. इंजिन नीट तापलं तर ते वाफ होऊन निघून जातं, नाहीतर त्यातलं काही ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये मुरतं. थंड इंजिनाला पेट्रोलही जास्त लागतं आणि ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. वर आपल्याकडचा पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त. चार सिलिंडरचं इंजिन कुठेही थांबलं तरी एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. तिथून दमट हवा आत जाते, व्हॉल्व्हच्या सीटवर आणि भिंतीवर गंज धरतो. म्हणजे कमी चाललेल्या गाडीत एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी भरलं, तर त्यात नवल काहीच नाही. रोज मुंबईला जाऊन येणाऱ्या गाडीचं इंजिन कितीतरी वेळा याहून निकोप निघतं.

यावर काहीजण म्हणतात, बोरघाट चढवून बघा, कळेल. नाही कळणार. इंजिनाचे फेरे वाढले की हवेला निसटायला वेळच उरत नाही, त्यामुळे थोडा गळका सिलिंडरही घाटात काम भागवतो. त्याची लंगडी चाल ऐकायची असेल तर सकाळी थंड गाडी सुरू करून आयडलिंगला ऐका.

आता दुसरा निकाल. आकडा कमी, हे खरं. पण तो काढला कसा? बॅटरी पूर्ण चार्ज हवी, इंजिन गरम हवं, चारही प्लग काढलेले हवेत, पेट्रोल आणि स्पार्क बंद हवेत, थ्रॉटल पूर्ण उघडा हवा, आणि प्रत्येक सिलिंडरला सेल्फ सारखाच मारायला हवा. महिनाभर उभ्या गाडीची बॅटरी अर्धमेली असते. सेल्फ हळू फिरला की चारही आकडे सारखेच पडतात, आणि एका बॅटरीपायी आख्खं इंजिन बदनाम होतं. जागेचाही फरक पडतो. खोपोली घाटाच्या पायथ्याशी, लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर. तिथे हवेचा दाब सुमारे ७ टक्क्यांनी कमी, म्हणून खोपोलीत १८० पाउंड दाखवणारं इंजिन लोणावळ्यात १६८च्या आसपास दाखवेल. बिघाड काहीही नाही.

म्हणून एकट्या आकड्यावर निकाल देऊ नये, चार आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत. समजा, १७५, १७२, १२८, १७० आले. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला चढला तर संशय रिंगांवर. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गास्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर आधी हेड गास्केट बघा. काटा चढतो कसा, तेही बघा. निरोगी सिलिंडरला पहिल्या दाबालाच काटा जोरात उसळतो, रिंगा सैल असल्या तर हळूहळू वर सरकतो. (हे पेट्रोल गाड्यांचं. डिझेलचे आकडे दुपटीहून जास्त असतात, गेज वेगळा लागतो आणि त्यात असं ऑइल टाकू नये.)

मात्र उभ्या गाडीच्या बाबतीत मी आणखी एक अट घालतो: पहिल्या मोजणीवर इंजिन उतरवायचं नाही. ताजं ऑइल आणि ताजं पेट्रोल भरा. गाडी कर्जत-चौक रस्त्याने जुन्या महामार्गावर काढा, काही दिवस रोज तासभर नीट तापेपर्यंत चालवा आणि मग परत मोजा. गंजाची पापुद्री किंवा अडकलेली रिंग बऱ्याचदा एवढ्यानेच सुटते आणि तिसऱ्याचा आकडा वर येतो. नाही आला, तर त्याच प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा, व्हॉल्व्ह बंद असतील अशा जागी पिस्टन ठेवून, गाडी गिअरमध्ये अडवून. मग कान लावा. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गास्केट. नुसत्या व्हॉल्व्हचं काम हेड उतरवून भागतं. त्यासाठी कुणी फुल इंजिनचं बिल सांगितलं तर ते देऊ नका.

विकणाऱ्याने एवढी तपासणी होऊ द्यावी, आणि चारही आकडे कोरडे आणि ऑइल टाकलेले, तारीख आणि ठिकाणासह कागदावर लिहून मिळावेत. हा कागद हातात येईपर्यंत बयाणा देऊ नये.