थिबा राजवाड्यात वीस मिनिटे

शनिवारी पहाटे चिंचवडहून निघायचे, रविवारी रात्री रत्नागिरीहून परतायचे, असा आमचा बेत होता. मित्रांपैकी भोसरीत लेथवर काम करणारा एकजण मात्र येऊ शकला नाही. त्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. आमच्या औद्योगिक पट्ट्यातील पुष्कळ कारखान्यांची तीच असते. 'वीकएंड' हा शब्द आम्ही वर्गात किती सहज वापरतो!

थिबा राजवाड्यात आम्ही जेमतेम वीस मिनिटे होतो. ब्रह्मदेशाचा हा अखेरचा राजा १८८५ साली पदच्युत झाला, पुढल्या वर्षी रत्नागिरीत आणला गेला आणि १९१६ मध्ये येथेच वारला. हा वाडा बांधून झाला १९१० साली. म्हणजे तीस वर्षांच्या बंदिवासातली अखेरची सहाच वर्षे तो येथे राहिला. समोर खाडी, पलीकडे समुद्र, आणि त्या पाण्यावरून परतीची वाट नाही. आम्ही छायाचित्रे काढली. (आंबे तेवढे निवांतपणे निवडले.)

प्रवासवर्णन शिकवताना लेखकाची रसिकता, शैली, विनोद यांवर आम्ही तासन्‌तास बोलतो. प्रवाशाला सवड कोणी दिली, हे विचारत नाही. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'माझा प्रवास'चे गोडसे भटजी घरच्या कर्जापायी, दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि सत्तावनच्या धुमाळीत सापडले. आमच्या मते या वाङ्मयप्रकाराचे अध्यापन तेथून सुरू व्हावे, 'अपूर्वाई' नंतर.

पुढची सहल गुरुवारी काढू, असे त्या मित्राला कळवले खरे. पण आमच्याच रजा शिल्लक नाहीत.